रोज कॉफी पिणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कॉफी चांगली की वाईट, हा प्रश्न अर्धाच आहे. कोण पितंय, किती पितंय, कशी गाळलीय, किती वाजता पितंय आणि तिच्यात काय काय घातलंय, हे कळल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. खालचे प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवलेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

रोज कॉफी प्यायल्याने खरंच फायदा होतो का? आधी थोडक्यात सांगा.

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला तीन-चार कप कॉफीने सहसा अपाय होत नाही आणि काही आजार कॉफी पिणाऱ्यांमध्ये कमी आढळतात. यकृताचे आजार, टाइप २ मधुमेह, पार्किन्सन (कंपवात), पित्ताशयातले खडे आणि नैराश्य ही त्यातली ठळक नावं. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठा आढावा छापून आला. कॉफीवर आधी झालेली दोनशेहून जास्त मेटा-विश्लेषणं, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेली विश्लेषणं, त्यात एकत्र तपासली होती. रोज तीन कप पिणाऱ्यांचा, कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी निघाला. तीन-चार कपांच्या पुढे जाणाऱ्यांना त्याहून जास्त फायदा दिसला नाही.

हे १७ टक्के तुलनेतले आहेत. शंभरातल्या सतरा जणांचा जीव वाचतो असा त्याचा अर्थ काढू नका. ज्याचा मुळातला धोकाच कमी आहे, त्याच्या बाबतीत प्रत्यक्षातला फरक लहान असतो.

‘कमी आढळतात’ असं जपून का म्हणता? कॉफीमुळेच कमी होतात असं सरळ सांगा ना.

कारण तसं सिद्ध झालेलं नाही. यातले जवळपास सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. लोकांना ‘किती कॉफी पिता’ विचारायचं, मग पुढची दहा-वीस वर्षं कोणाला काय होतं ते नोंदवायचं. पण कॉफी पिणारा आणि न पिणारा यांच्यात कॉफीखेरीज इतरही शंभर गोष्टी वेगळ्या असतात.

अमेरिकेत सुमारे चार लाख लोकांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कच्चे आकडे पाहिले तर कॉफी पिणारेच जास्त मरत होते! मग लक्षात आलं की कॉफी पिणाऱ्यांत सिगारेट ओढणारे जास्त होते. सिगारेटचा हिशेब वजा केल्यावर चित्र उलटलं आणि कॉफी पिणाऱ्यांचा धोका कमी दिसू लागला. म्हणजे एक घटक धरला की निकाल पालटतो. असे न धरलेले घटक आणखी किती असतील, हा संशोधकांना सतावणारा प्रश्न आहे. उलट दिशेचाही घोळ असतो. तब्येत बिघडलेली माणसं बऱ्याचदा कॉफी सोडतात आणि ‘न पिणाऱ्यां’च्या रकान्यात जाऊन बसतात. मग तो रकाना आजारी दिसणारच.

पार्किन्सनचं उदाहरण बोलकं आहे. हवाईतल्या आठ हजारांवर जपानी-अमेरिकन पुरुषांचा तीस वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला आणि २००० मध्ये निष्कर्ष आले. कॉफी न पिणाऱ्यांत पार्किन्सनचं प्रमाण सर्वाधिक पिणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होतं. एवढा मोठा फरक पाहून पुढे प्रत्यक्ष पार्किन्सनच्या रुग्णांना कॅफिनच्या गोळ्या देऊन चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला: हालचालींच्या त्रासात सुधारणा नाही. आजार टाळणं वेगळं आणि झालेला आजार सुधारणं वेगळं, हे खरं. तरी निरीक्षणावर किती उड्या मारायच्या याचा धडा त्यातून मिळतो.

मग हे सगळं फोलच म्हणायचं का? तसंही नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या खाण्यापिण्याच्या लोकांत आकडे एकाच बाजूला झुकतात आणि यकृताच्या बाबतीत तर कप वाढतात तसा धोका पायरीपायरीने उतरतो. एवढ्या गोष्टी योगायोगाने जुळणं अवघड आहे.

मी कॉफी पीत नाही. तब्येतीसाठी सुरू करू का?

नको. आवड नसताना औषध म्हणून कॉफी सुरू करायला सांगावं इतका भक्कम पुरावा नाही. वरचं सगळं वाचून दिलासा घ्यायचा तो आधीपासून पिणाऱ्यांनी.

सगळ्यात खात्रीचा फायदा कोणता?

माझ्या मते यकृताचा. पाव टक्काही कौतुक न होणारा अवयव, पण कॉफीचा पुरावा त्याच्याच बाजूने सर्वांत जड आहे. २०१६ मधल्या एका मेटा-विश्लेषणात रोजचे दोन कप वाढले की सिरॉसिसचा (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा) धोका सुमारे ४४ टक्क्यांनी कमी दिसला. त्यात दारूमुळे होणारा सिरॉसिसही धरलेला होता. यकृताच्या कॅन्सरचं प्रमाणही कॉफी पिणाऱ्यांत कमी आढळतं.

असं का होत असावं? यकृताला वारंवार इजा झाली की त्यातल्या काही पेशी चिवट धाग्यांसारखी ऊती तयार करू लागतात, आणि यकृत हळूहळू घट्ट होत जातं. या पेशींना चेतवणाऱ्या एका संदेशाला कॅफिन अडवतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. पण डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, पिणाऱ्यांनाही काही प्रमाणात फायदा दिसतो, त्यामुळे सगळं श्रेय कॅफिनला देता येत नाही. क्लोरोजेनिक आम्लांसारखी कॉफीतली इतर द्रव्यंही कामाला येत असावीत.

‘मग रात्री दारू आणि सकाळी कॉफी, हिशेब चुकता’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. दारूने होणारं नुकसान कॉफी भरून काढत नाही.

कॉफीने कॅन्सर होतो असं कुठेतरी वाचलं होतं.

वाचलं असेल, कारण १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संदर्भात कॉफीला ‘कदाचित कॅन्सरकारक’ गटात टाकलं होतं. २०१६ मध्ये हजारहून जास्त अभ्यास पुन्हा चाळून त्याच संस्थेने कॉफीला त्या गटातून काढलं. जुन्या अभ्यासांत इथेही सिगारेटचा घोळ होताच.

त्याच बैठकीत एक वेगळी गोष्ट मात्र ठरली आणि ती कॉफीपुरती नाही. ६५ अंश सेल्सिअसच्या वर असलेलं कुठलंही पेय नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या दृष्टीने ‘बहुधा कॅन्सरकारक’ मानलं गेलं. दोष पेयाचा नाही, चटक्याचा. वाफाळता कप थेट ओठांना लावायची सवय असेल तर तीन-चार मिनिटं थांबा. जीभ पोळत असेल तर अन्ननलिकाही पोळते, फक्त ती तक्रार करत नाही.

ॲक्रिलामाइडची भीतीही अधूनमधून डोकं वर काढते. बिया भाजताना हे द्रव्य थोडंफार तयार होतं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायाधीशाने कॉफीवर कॅन्सरचा इशारा छापण्याच्या बाजूने निकाल दिला होता. पुढच्याच वर्षी त्या राज्याने नियम करून कॉफीला त्यातून वगळलं.

मधुमेह टाळायला कॉफीची मदत होते का? आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांचं काय?

दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१४ च्या एका अभ्यासात रोजच्या दर कपामागे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसला, डिकॅफच्या बाबतीत ६ टक्क्यांनी. इथे एक कोडं आहे. कॅफिन घेतल्यावर लगेचच्या काही तासांत शरीर इन्सुलिनला जरा कमीच दाद देतं, म्हणजे साखर थोडी वर जाऊ शकते. तात्पुरता परिणाम एका बाजूला आणि वर्षानुवर्षांचा दुसऱ्या बाजूला. दीर्घकाळचा फायदा कॅफिनपेक्षा बाकीच्या द्रव्यांमुळे असावा, असा अंदाज त्यावरूनच बांधला जातो.

मधुमेह असलेल्यांनी सामान्य नियमावर जाऊ नये. घरी ग्लुकोमीटर असेल तर बिनसाखरेच्या कॉफीआधी आणि नंतर तासाभराने एक-दोन वेळा मोजून पाहा. प्रत्येकाचं शरीर वेगळं उत्तर देतं.

कॉफी प्यायली की धडधडतं. हृदयाला धोका आहे का?

या प्रश्नावर चांगले प्रयोग झालेत. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत १०० निरोगी माणसांना दोन आठवडे छातीवर ईसीजीची पट्टी लावून ठेवलं. रोज मोबाइलवर संदेश यायचा: आज कॉफी प्या, किंवा आज पिऊ नका. कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले थोडे वाढले. त्याच दिवशी माणसं सुमारे हजार पावलं जास्त चालली आणि रात्री सरासरी ३६ मिनिटं कमी झोपली. फायदा आणि किंमत एकाच कागदावर छापलेला असा निकाल क्वचित मिळतो.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा आजार, झालेल्यांना वर्षानुवर्षं कॉफी बंद करायला सांगितलं जायचं. २०२५ मध्ये अशा २०० रुग्णांवर चाचणी झाली. विजेच्या झटक्याने लय सुधारल्यावर अर्ध्यांना रोज किमान एक कप प्यायला सांगितलं, अर्ध्यांना बंद. सहा महिन्यांत लय पुन्हा बिघडण्याचं प्रमाण पिणाऱ्यांत ४७ टक्के, बंद केलेल्यांत ६४ टक्के होतं. ही एकच आणि लहान चाचणी आहे, पण जुन्या सल्ल्याला तिने चांगलाच धक्का दिलाय.

रक्तदाबाचं म्हणाल तर, सवय नसलेल्याचा दाब कॉफीनंतर काही वेळ वाढतो, रोज पिणाऱ्याचा फारसा हलत नाही. अपवाद लक्षात ठेवावा असा आहे. जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचा दाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यात रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांना हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका दुप्पट दिसला. दाब इतका चढा असेल तर आधी तो आटोक्यात आणा. आणि धडधडीबरोबर चक्कर, छातीत दुखणं किंवा दम लागणं असेल तर कॉफीला दोष देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

कॉफीने कोलेस्टेरॉल वाढतं म्हणतात, ते खरं का?

गाळणीवर अवलंबून आहे. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेओल नावाची दोन द्रव्यं असतात. ती एलडीएल, म्हणजे वाईट म्हणून ओळखलं जाणारं कोलेस्टेरॉल, वाढवतात. कागदी गाळणी त्यांना जवळपास पूर्ण अडवते. धातूची जाळी अडवत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. फ्रेंच प्रेसमधली किंवा भांड्यात उकळून वरची निवळ ओतलेली काळी कॉफी उजेडात तिरकी धरली तर वर बारीक तेलकट तवंग चमकतो. कागदातून उतरलेल्या कॉफीवर तो दिसत नाही, तो वापरलेल्या कागदावर डाग होऊन राहतो. इन्स्टंट कॉफीत ही द्रव्यं नगण्य असतात. एस्प्रेसो या दोन टोकांच्या अधेमधे बसते, पण तिचा कपच लहान असतो.

नॉर्वेत पाच लाखांवर लोकांचा सरासरी वीस वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०२० मध्ये आला. गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षाही कमी होतं. न गाळलेल्या कॉफीला तेवढं यश मिळालं नाही. तुमच्या रिपोर्टात एलडीएल चढं असेल आणि तुम्ही रोज न गाळलेली कॉफी पीत असाल, तर कपांची संख्या कमी करण्याआधी कागदी गाळणी आणा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. इतका सोपा उपाय डॉक्टरही अनेकदा सांगायला विसरतात.

‘एक कप’ म्हणजे नेमका किती?

अभ्यासांमधला कप साधारण १५० ते २४० मिलिलीटरचा असतो. तुमचा रोजचा कप मोजपात्रात पाणी ओतून एकदा मोजून घ्या, मोठे मग ३५० मिलिलीटरपर्यंत सहज जातात. तसे दोन झाले की अभ्यासातले तीन-चार झाले.

कॅफिनचा अंदाज असा. यंत्रातून गाळलेल्या २४० मिलिलीटर कॉफीत सुमारे ९५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंटमध्ये ६० च्या आसपास, ३० मिलिलीटरच्या एस्प्रेसोत ६० ते ६५. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं. पाकिटावर चिकोरीचं प्रमाण लिहिलेलं असेल तर तेवढं कॅफिन वजा धरा, चिकोरीत ते नसतंच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत कॅफिन चिंतेचं नाही असं म्हटलं. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक, डोकेदुखीच्या काही गोळ्या, सगळं याच बेरजेत येतं.

झोप लागायला त्रास होत नाही. मग रात्री जेवणानंतर कॉफी घेतली तर काय बिघडलं?

झोप लागणं आणि झोप होणं यांत फरक आहे.

दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की पेंग येऊ लागते. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असल्याने ते आधीच जाऊन, खुर्चीवर रुमाल टाकावा तशी, ती जागा अडवतं. ॲडेनोसिन कुठे जात नाही, बाहेर ताटकळत राहतं. कॅफिन उतरलं की ते एकदम आत शिरतं, म्हणून दुपारी कधीकधी अचानक गळून गेल्यासारखं होतं.

कॅफिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. सरासरीच हं. काहींना दोन तास पुरतात, काहींना नऊही लागतात. यकृतातलं एक एन्झाइम हे काम करतं आणि त्याचा वेग जन्मतः वेगवेगळा असतो. सिगारेट ओढणाऱ्यांत तो जवळपास दुप्पट होतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत निम्म्यावर येतो. सिगारेट सोडताना कॉफी तेवढीच ठेवली तर एरवी पचणारे कप अचानक अंगावर येतात. सोडणारा समजतो की ही बेचैनी निकोटिनचीच आहे.

२०१३ मधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी एकूण झोप तासाभराहून जास्त घटली. यंत्राने नोंदवलेली ही घट लोकांना स्वतःला तितकीशी जाणवलीही नव्हती. म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर फार विसंबू नका. संध्याकाळची कॉफी पंधरा दिवस बंद करून सकाळी उठताना कसं वाटतं ते पाहा. रोज अपुरी झोप घेऊन कॉफीचे फायदे मोजणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

सकाळी उठल्या उठल्या पिऊ नये, दीड तास थांबावं, असं व्हिडिओंमध्ये सांगतात.

त्याला भक्कम आधार नाही. उठल्यावर हवी तर लगेच प्या.

दिवसातल्या वेळेला मात्र महत्त्व असू शकतं. अमेरिकेतल्या चाळीस हजारांवर प्रौढांच्या माहितीवरून २०२५ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आलेल्या विश्लेषणात मुख्यतः सकाळी पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी होता. दिवसभर थोडी थोडी पिणाऱ्यांना असा फायदा दिसला नाही. हेही निरीक्षणच, पण झोपेचं गणित पाहता पटण्यासारखं आहे.

रिकाम्या पोटी कॉफीने अल्सर होतो का?

अल्सर बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. कॉफीने जठरातलं आम्ल वाढतं हे खरं, त्यामुळे ज्यांना आधीच जळजळ आहे त्यांना ती वाढल्यासारखी वाटते. तुम्हाला त्रास होत असेल तर काहीतरी खाऊन प्या. होत नसेल तर सोडून द्या हा विषय.

कॉफी घेतल्यावर लगेच शौचाला जावं लागतं, हा मात्र मनाचा खेळ नाही. काहींच्या मोठ्या आतड्याची हालचाल चार मिनिटांत वाढलेली मोजली गेलीय आणि ती डिकॅफनेही वाढते.

हिमोग्लोबिन कमी आहे. कॉफी बंद करू का?

बंद नको, वेळ बदला. वनस्पतीजन्य अन्नातलं लोह कॉफीतल्या पॉलिफेनॉल्समुळे कमी शोषलं जातं. १९८३ च्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी दिल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं. चहाने तर ६४ टक्क्यांनी. त्याच प्रयोगातली पुढची गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. जेवणाच्या तासभर आधी कॉफी प्यायल्यास काहीच फरक पडला नाही, पण तासभर नंतर प्यायल्यास जेवणाबरोबर घेतल्याइतकंच नुकसान झालं. तेव्हा जेवणानंतरची कॉफी चांगली दोन तास पुढे ढकला, किंवा आधीच उरका. लोहाच्या गोळीबरोबर तर कॉफी नकोच.

कॉफीने अंगातलं पाणी कमी होतं का?

रोज पिणाऱ्यांमध्ये नाही. कॅफिनने लघवी थोडी जास्त होते, पण कपात जे पाणी असतं ते त्याहून कितीतरी जास्त असतं.

गरोदरपणात चालते का?

कमी प्रमाणात. बहुतेक आरोग्य संस्था दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगतात, म्हणजे इन्स्टंटचे दोन ते तीन किंवा गाळलेल्या कॉफीचे दोन लहान कप. चहाही त्यातच धरायचा. काही संशोधक याहूनही कमी प्यावी अशा मताचे आहेत, कारण कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बाळाकडे ते मोडायचं एन्झाइम तयार नसतं. आईचंही शरीर मंदावतं. शेवटच्या तिमाहीत अर्धं कॅफिन जायला पंधरा तासांच्या आसपास लागतात. नवजात बाळाला याच कामाला तीन दिवसांहून जास्त लागतात, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईनेही, बाळ फार किरकिरं आणि जागं राहत असेल तर, आपले कप मोजावेत.

विरोधाभास पाहा: अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबू नये म्हणून नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात कॅफिन सायट्रेटच दिलं जातं. अर्थात डॉक्टरांच्या हातून, वजनानुसार मोजून.

कॉफीबरोबर कोणत्या गोळ्या घेऊ नयेत?

थायरॉइडची गोळी सर्वांत आधी. लिव्होथायरॉक्सिन पाण्याबरोबरच घ्यायची आणि कॉफीआधी निदान अर्धा तास, जमलं तर तासभर जाऊ द्यायचा. ‘गोळी वाढवली तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही’ या तक्रारीमागे कधीकधी गोळीपाठोपाठ घेतलेली कॉफी असते. हाडांच्या ठिसूळपणावरची ॲलेंड्रोनेटही साध्या पाण्याबरोबरच.

दुसरा प्रकार कॅफिन अंगात साठवणाऱ्या औषधांचा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि फ्लूव्होक्सामिन हे मानसिक आजारावरचं औषध कॅफिनचं मोडणं रोखतात. एरवीचा एक कप मग दोन-तीन कपांसारखा वागतो. दम्यावरच्या थिओफिलिनचेही तेच एन्झाइम आणि तसेच दुष्परिणाम, त्यामुळे दोन्ही मिळून हात थरथरणं, धडधड वाढते. लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध घेणाऱ्यांनी कॉफी अचानक सोडू नये. कॉफीमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जातं, ती एकदम थांबली की रक्तातली त्याची पातळी चढते. क्लोझापिन या मानसिक आजारावरच्या दुसऱ्या औषधाबाबतही कॉफीत मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दूध-साखर घातली तर फायदा जातो का?

दुधाने फारसं बिघडत नाही. साखरेचं प्रमाण बघावं लागतं. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात कपाला सरासरी एक चमचा साखर घालणाऱ्यांतही मृत्यूचा धोका कमीच दिसला. पण दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन-दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर झाली. वर क्रीम, सरबतं, चॉकलेट घातलेलं जे मोठ्या ग्लासात मिळतं, ते गोड खाणं आहे. खा, पण कॉफीच्या खात्यावर टाकू नका.

डिकॅफ म्हणजे रसायनांनी धुतलेली कॉफी ना?

काही पद्धतींत द्रावक वापरतात, काहींत नुसतं पाणी किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत लुडविग रोझेलियसने काढलेल्या पहिल्या व्यापारी पद्धतीत बेन्झिन होतं, ते केव्हाच मागे पडलं. डिकॅफमध्ये थोडंसं कॅफिन उरतंच. पण यकृत आणि मधुमेहाचा बराचसा फायदा तिच्यातही दिसतो, त्यामुळे झोप नाजूक असलेल्यांना संध्याकाळसाठी ती चांगली सोय आहे. पार्किन्सनसाठी मात्र कॅफिनच मुख्य दिसतं.

वजन कमी होतं का? व्यायामाआधी घ्यावी का?

वजनावर नाव घेण्यासारखा परिणाम नाही. व्यायामावर आहे. साधारण तासभर आधी वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅम कॅफिन घेतलं तर दम टिकतो, विशेषतः धावणं, सायकलिंग अशा लांब पल्ल्याच्या प्रकारांत. २००४ पासून ते स्पर्धांमधल्या बंदी यादीतही नाही.

लहान मुलांना द्यावी का?

नको. फायद्याचे सगळे अभ्यास मोठ्यांवरचे आहेत आणि मुलांची झोप आधी जाते. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत कॉफीपेक्षा एनर्जी ड्रिंकवर लक्ष ठेवा.

चिंता, घाबरल्यासारखं होणं, पॅनिक अटॅक येतात. तरी प्यावी?

कमी करून पाहा, शक्य असेल तर डिकॅफवर या. कॉफी पिणाऱ्यांत नैराश्य कमी आढळतं, पण पॅनिक अटॅक येणाऱ्यांना कॅफिनने अटॅक येऊ शकतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे.

एक दिवस कॉफी चुकली की डोकं धरतं. हे व्यसन म्हणायचं का?

शरीराला सवय लागलीय एवढं नक्की. कॅफिन सुटल्याच्या त्रासाला मानसोपचाराच्या २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात अधिकृत जागाही मिळाली. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखू लागतं, सोबत चिडचिड, पेंग, कशात लक्ष न लागणं. दोन दिवस जोर असतो आणि नऊ दिवसांपर्यंत सगळं शांत होतं. सोडायचीच असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करत जा किंवा निम्मी डिकॅफ मिसळत जा, त्रास बराच टळतो.

उपास, लांबचा प्रवास आणि ऑपरेशन या तीन वेळी ही डोकेदुखी हटकून गाठते. ऑपरेशनबद्दल एक माहिती उपयोगाची आहे. भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत जी ‘स्वच्छ पेयं’ अनेक ठिकाणी चालतात, त्यांत बिनदुधाची काळी कॉफीही येते. दूध घातलं की ती त्या यादीतून बाहेर जाते आणि सहा तासांचा नियम लागतो. जठर हळू रिकामं होत असेल, उदाहरणार्थ मधुमेह जुना असेल, तर नियम वेगळे असतात. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटतात तेव्हा ‘मी रोज सकाळी कॉफी घेतो, उद्या काळी चालेल का?’ एवढं विचारून घ्या.